रंगवालीची अर्धशिशी

आमच्या जिन्यात बातमी अशी होती की दुसऱ्या मजल्यावरच्या रंगवालीचे डोळे गेले. बातमी पक्की होती, कारण ती तळमजल्यावरच्या काकूंकडून निघाली होती. काकू इमारतीच्या सेक्रेटरी आहेत. त्यांच्याकडून पाण्याच्या टाकीची बातमी जितक्या अधिकारानं येते, तितक्याच अधिकारानं लोकांच्या अवयवांचीही येते. पुरावाही होता. पोरगी ढगाळ दिवशीसुद्धा काळा चष्मा लावून हिंडते. कठडा धरून जिना उतरते. समोरून "काय गं, बरी आहेस ना?" विचारावं तर भिंतीकडे बघून मान हलवते. आणि एवढ्यावरही ज्याला शंका असेल त्यानं जिन्याचा रंग बघावा.

आता खरं काय ते. चष्मा काळा नव्हता, तपकिरी होता. डोळे जागच्या जागी होते आणि चोख होते. रंगवालीला अर्धशिशी होती. अर्धशिशी जुनीच, पण ती अशी हात धुऊन मागे लागायला एक नवं कारण झालं होतं, आणि त्या कारणाला अजून दोन महिनेही पुरे झाले नव्हते. जिन्याच्या रंगाचं मात्र खरं होतं. तो चुकलाच होता.

रंगवाली म्हणजे चौकातल्या रंगाच्या दुकानात रंग जुळवून देणारी. दुकानात यंत्र आहे, पत्त्यांच्या कॅटासारखी रंगांची पट्टी आहे, पट्टीवरच्या नंबराचा रंग यंत्र मुकाट्यानं काढून देतं. पण नंबर सांगणारी गिऱ्हाइकं थोडी. बाकीची येतात ती हातात काहीतरी धरून. कुणी भिंतीची कपची आणतो, कुणी शर्टाचं बटण, एकजण तर पायातली सपाता काढून काउंटरवर ठेवून म्हणाला होता, "अस्सा पाहिजे." तिथं यंत्राचं काही चालत नाही. तिथं रंगवाली लागते. ती त्या वस्तूकडे थोडा वेळ बघते, पांढऱ्यात थेंब थेंब सोडते, ढवळते, पुठ्ठ्यावर रंगाचं एक बोट ओढते, केस वाळवायच्या यंत्रानं ते बोट वाळवते, कारण ओला रंग खोटं बोलतो, आणि मग पुठ्ठा आणि वस्तू दोन्ही घेऊन दाराशी उजेडात जाते. दुकानातल्या ट्यूबलाइटवर तिचा विश्वास नाही. गॉगल लावून भांडायला आलेल्या गिऱ्हाइकाला तिचं एकच उत्तर असायचं, "आधी चष्मा काढा, मग भांडा."

तर अशा बाईचं डोकं दुखू लागलं.

दुखणं उजव्या भुवईच्या वर सुरू व्हायचं. आधी नजरेच्या कडेला पत्रा फाटल्यासारखी एक चमकती, वेडीवाकडी रेघ नाचायची, ती विझली की कुणीतरी आतून खिळा ठोकायला घ्यायचं. मग उजेड नको, आवाज नको, वास तर नकोच नको. आणि दुकानात मिळायचं काय, तर ट्यूबलाइट, डबे गदागदा हलवणारं यंत्र आणि थिनर. पूर्वी ती यावर एक जालीम गोळी घ्यायची आणि तासाभरात पुन्हा थेंब मोजायला उभी राहायची. या वेळी ती गोळीची रिकामी पट्टी घेऊन चपलांच्या दुकानावरच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली.

"ही आता बंद," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मग डोकं?"

"डोकं चालू राहू दे. अगदीच सोसवेना तर तापाची साधी गोळी, तीही मला विचारून. दुकानातून आपल्या मनानं दुखण्याची दुसरी कुठलीही गोळी आणायची नाही. उपाशी राहायचं नाही, पाणी पीत राहायचं, झोप मोडायची नाही. चहा एकदम तोडू नकोस, पण पिंपभरही पिऊ नकोस. आणि हे नीट ऐक. कधी नव्हे असं एकाएकी डोकं फुटायला लागलं, नजर धूसर झाली, बोलताना जीभ अडखळली, अंगात ताप भरला, तर 'उद्या बघू' म्हणायचं नाही. उठायचं आणि इथं यायचं."

"थांबेल कधी हे?"

"चौथ्या महिन्यापासून बहुतेकींचं कमी होतं."

"बहुतेकींचं म्हणजे माझं?"

"ते तुझ्या डोक्याला विचार," असं म्हणून डॉक्टरीणबाईंनी पुढच्या बाईला आत बोलावलं.

रंगवालीचा नवरा फ्रिज दुरुस्त करतो. त्याच्या मते कुठल्याही बिघाडावर पहिला उपाय म्हणजे बंद करून थोडा वेळ थांबणे. योगायोगानं अर्धशिशीवरही तोच उपाय होता, त्यामुळे त्याला फार शहाणा झाल्यासारखं वाटलं. त्यानं आतल्या खोलीचा दिवा काढला, खिडकीला जाड कापड ठोकलं, आणि दाराच्या फटीतून उजेड येतो म्हणून एका मोडीत निघालेल्या फ्रिजचं रबर काढून दाराच्या चौकटीला चारी बाजूंनी बसवलं. तेव्हापासून ते दार फ्रिजसारखं ओढून उघडावं लागतं आणि फ्रिजसारखंच हलकेच चिकटून बंद होतं. संध्याकाळी दुकानातून आली की रंगवाली कपाळावर गार फडकं ठेवून आत पडून राहायची, कालच्या भाजीसारखी. तो दाराला कान लावून विचारायचा, "गार वाटतंय का?"

"तू बोलायचा थांबलास की वाटेल."

तो थांबायचा. भला माणूस आहे. रंगाचं मात्र त्याला फारसं कळत नाही. त्याच्या जगात दोनच रंग आहेत, फ्रिजचा पांढरा आणि बाकीचे.

दुकानात तिनं आपली सोय आपण लावली. पट्ट्यांच्या खणात बिस्किटांचा पुडा ठेवला आणि दर थोड्या वेळानं गुपचूप एक तोंडात टाकू लागली. पाण्याची बाटली काउंटरखाली ठेवली. फारच झालं तर मागच्या खोलीत पुट्टीच्या गोण्यांवर डोकं टेकून पाच मिनिटं बसायची. आणि येता-जाता उन्हासाठी तो तपकिरी चष्मा. दुकानात पाऊल टाकलं की चष्मा काढून पदरात. हा नियम तिनंच केलेला, आणि तो तिनं एकदाच मोडला.

आता कुणी म्हणेल, एवढं सोसायचं कशाला, सांगून टाकायचं ना? सांगितलं होतं. मागच्या वर्षी. म्हणजे तिनं नवऱ्याला सांगितलं, नवऱ्यानं आईला, आणि सासूबाई आनंदाच्या भरात दुसऱ्या मजल्यावरून तळमजल्यापर्यंत प्रत्येक दारात थांबत उतरल्या. मग काही आठवड्यांतच ते राहिलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं पुष्कळ जणींचं होतं, तुझं काही चुकलं नाही. पण जिना काही डॉक्टरीणबाईंचं ऐकणारा नव्हता. ज्या क्रमानं आनंदाची बातमी खाली गेली होती त्याच क्रमानं माणसं वर आली. बसली. सुस्कारे सोडले. एकीनं "तरी मी म्हटलं होतं, डबे उचलू नकोस," असं सांगितलं, तिनं तसं कधीच म्हटलेलं नव्हतं. काकू तर ओळीनं चार दिवस आल्या, आणि रंगवाली स्वतःच्या सांत्वनाला आलेल्यांसाठी स्वतः उठून चहा टाकत राहिली. तेव्हा तिनं मनाशी ठरवलं की पुन्हा वेळ आली तर तिसरा महिना उलटेपर्यंत तिसऱ्या कानाला कळू द्यायचं नाही. दोन कान नवऱ्याचे. डॉक्टरीणबाईंचे तिनं मोजले नव्हते, ते त्यांच्या कामाचे होते.

सासूबाईंनाही सांगितलं नाही. सासूबाईंनी विचारलंही नाही. फक्त एका सकाळी त्यांनी घरात कांदा परतणं बंद केलं आणि वर म्हणाल्या, "मला हल्ली तो वास सोसत नाही." चाळीस वर्षं कांद्याशिवाय ज्यांचं पान हललं नाही त्या बाई. रंगवालीनं त्यांच्याकडे बघितलं. त्या चमच्याकडे बघत होत्या.

याच दिवसांत काकूंनी जिना रंगवायला काढला. भिंतीची एक कपची घेऊन त्या दुकानात आल्या. "होता तसाच हवा," त्या म्हणाल्या. "पण नवा."

कपचीचा रंग साईचा. म्हणजे मुळात कुठलातरी नंबर असणार, पण वर्षानुवर्षांच्या कोपरांनी आणि धुरानं त्याची साय झालेली. असा रंग यंत्राच्या बापाला जमत नाही. रंगवालीला जमतो. एरवी.

त्या दिवशी सकाळपासून खिळा ठोकणं चालू होतं. मालक डबे हलवायचं यंत्र लावून मोकळे झाले होते आणि दारातून येणारं ऊन सरळ भुवईवर येत होतं. तिनं पांढऱ्यात तांबड्याचे थेंब सोडले, निळ्याचा एक सोडला, पिवळ्याचे सोडायचे ते सोडले की नाही हे तिला पुढं कधीच आठवलं नाही. पुठ्ठ्यावर बोट ओढलं, वाळवलं, आणि दाराशी निघाली. उंबऱ्यावर उजेड असा अंगावर आला की तिनं पदरातला चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. कपची आणि पुठ्ठा शेजारी शेजारी धरले. जुळले होते. अगदी सख्ख्या बहिणींसारखे. "झालं," ती म्हणाली, आणि मागं जाऊन गोण्यांवर बसली.

तपकिरी काच निळा उजेड गिळते. तिच्याआडून पिवळा कमी पडला काय आणि निळा जास्त झाला काय, दोन्ही सारखंच दिसतं. हे रंगवालीला इतकं ठाऊक होतं की ते तिच्या लक्षातच आलं नाही.

रंगाऱ्यानं पहिली बादली उघडली. रंग बघितला. जिन्याकडे बघितलं. पण इमारतीतली माणसं काय मागतील याचा नेम नाही, हे त्याला अनुभवानं माहीत होतं, आणि काकूंना प्रश्न विचारला तर उत्तर ऐकावं लागतं, हेही. त्यानं लावून टाकला. दोन दिवसांत तळमजल्यापासून गच्चीपर्यंत जिना फिकट जांभळा झाला. आजारी माणसाच्या ओठांसारखा.

काकू ते दोन दिवस बहिणीकडे गेलेल्या. परतल्या तेव्हा पहिल्या पायरीवर पिशवी ठेवून खालीच बसल्या.

गंमत अशी की सगळी इमारत जांभळ्या जिन्यावरून रंगवालीकडे रोखून बघत होती आणि रंगवाली चष्म्याआडून साईच्या जिन्यावरून खुशाल ये-जा करत होती. तिला तर तो छानच वाटला. तिनं नवऱ्याला विचारलंही, "जिना बरा झालाय ना?"

"झालाय की," नवरा म्हणाला. "रंग दिलाय ना?"

मग एका संध्याकाळी डोकं कधी नव्हे ते शांत होतं. ऊन उतरलं होतं, चष्मा पर्समध्ये होता. रंगवाली आत शिरली, जिन्याकडे बघितलं आणि "चुकलंच" म्हणून बाहेर आली. फाटकावरचं नाव वाचलं. इमारत आपलीच होती. पुन्हा आत गेली. चष्मा लावला, साय. काढला, जांभळा. लावला, साय. काढला. ती भिंतीच्या अगदी जवळ गेली, नाक लागेल इतकी, आणि तळवा टेकून उभी राहिली.

तळमजल्याचं दार चार बोटं उघडं होतं. काकूंनी हे सगळं बघितलं. पोरगी भिंत चाचपडत होती. आता आणखी काय पुरावा हवा? कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात. हिला बहुतेक काहीच दिसत नव्हतं. रात्रीच्या जेवणाआधी बातमी गच्चीपर्यंत पोचली होती.

वर जाऊन रंगवालीनं नवऱ्याला सांगितलं, "जिना मी बिघडवला."

"मग सांग की मालकाला, डोकं दुखत होतं म्हणून."

"आणि गोळी का घेतली नाही म्हणाला तर?"

नवऱ्यानं विचार केला. "बंद करून थोडा वेळ थांबू," तो म्हणाला.

पण थांबायला काकू कुठं तयार होत्या? दुसऱ्या दिवशी दुकान उघडायला आणि काकू यायला एकच गाठ पडली. एका हातात साईची जुनी कपची, दुसऱ्या हातात भिंतीवरून खरवडलेला जांभळा पापुद्रा. दोन्ही त्यांनी मालकांसमोर मांडले.

"बघा. हे मागितलं, हे मिळालं. मी रागावत नाही हो, मला तिची काळजी वाटते. अहो, तिला दिसत नाही. काल भिंत चाचपत चढत होती. माणसानं लपवू नये असलं. आज जिना जांभळा झालाय, उद्या कुणाचं देवळातलं, कुणाचं दवाखान्यातलं..."

मालक मुळात शांत माणूस. रंगाच्या धंद्यात ओरडून चालत नाही, रंग वाळायला वेळ लागतो तो लागतोच. त्यांनी दोन्ही तुकडे बघितले, मग रंगवालीकडे बघितलं.

"ताई, हे तुमच्या हातचं?"

"माझ्याच."

"मग असं करा. डोळे दाखवून घ्या. तोवर तुम्ही तिकडं खिळे-स्क्रू विकायच्या बाजूला बसा. खिळ्याला रंग नसतो."

रंगवाली उभी राहिली. खिळ्यांच्या बाजूला एकदा बसलेला माणूस परत उठल्याचं तिनं त्या दुकानात बघितलं नव्हतं. काउंटर तिचं होतं. थेंब कसा सोडायचा हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, ती नासलेल्या डब्यांतून शिकली होती. आणि काउंटर वाचवायचं तर चष्म्याचं सांगावं लागणार, चष्म्यामागून डोकं येणार, डोक्यामागून गोळी, आणि गोळीमागून जे येणार ते काकूंच्या समोर येणार. खोटं बोलायचं तर एकच वाक्य पुरलं असतं, डोळे आले होते म्हणून. तिनं ते जिभेवर आणलंही. पण मग पुढं चुकलेला प्रत्येक रंग त्या डोळ्यांच्या नावावर चढला असता.

तिनं पदरातला चष्मा काढला.

"काकू, हा लावा."

"मी कशाला? माझे डोळे उत्तम आहेत."

"म्हणूनच."

काकूंनी चष्मा लावला.

"आता हे दोन तुकडे बघा. वेगळे दिसतात?"

काकूंनी तुकडे नाकाशी नेले, लांब धरले, मालकांच्या शर्टावर ठेवून बघितले. "अगं बाई," त्या म्हणाल्या. "सारखेच की."

"काढा आता."

काकूंनी काढला, लावला, काढला. भिंतीपाशी काल कोणी काय केलं होतं हे बहुधा त्यांच्या ध्यानात आलं असावं, पण तसं चेहऱ्यावर दिसू देण्याइतक्या त्या कच्च्या नाहीत. मालकांनी चष्मा मागून घेतला आणि आपणही लावून बघितला.

"चष्मा लावून रंग जुळवलात?" त्यांना हे डोळे जाण्यापेक्षाही भयंकर वाटलेलं दिसलं. "तुम्ही?"

"एकदाच. चूक माझी. नवा रंग आज जुळवून देते, चष्म्याशिवाय."

"पण लावलात कशाला?"

"उजेड सोसत नव्हता. डोकं दुखत होतं."

"मग गोळी घ्यायची."

"बंद आहे."

"कुणी केली?"

"डॉक्टरीणबाईंनी."

"कुठल्या?"

रंगवालीनं पुठ्ठ्यावरची धूळ झटकली. "चपलांच्या दुकानावरच्या."

चपलांच्या दुकानावर एकच डॉक्टरीणबाई बसतात, आणि त्यांच्याकडे बायका एकट्या जातात आणि दुकट्या होऊन परततात. मालकांना चार मुली आहेत. त्यांनी चष्मा काढला, घडी घालून रंगवालीसमोर ठेवला आणि छताकडे बघून म्हणाले, "इथले थिनरचे डबे मागच्या खोलीत न्यायला पाहिजेत." कुणाला सांगितलं ते कळलं नाही, कारण तिथं न्यायला दुसरं कुणी नव्हतं. मग त्यांनीच दोन डबे उचलले. जाता जाता वळून म्हणाले, "काउंटर तुमचंच आहे, ताई. चष्मा लागला त्या दिवशी रंग उद्या मिळेल म्हणून सांगायचं. गिऱ्हाईक कुठं पळून जातंय?" आणि हलवायचं यंत्र त्यांनी जाता जाता बंद केलं.

राहिल्या काकू. त्यांनी बोटं मोजायला घेतली होती. एक हात संपवून त्या दुसऱ्यावर आल्या, पुन्हा पहिल्यावर गेल्या, आणि त्यांचा चेहरा असा काही फुलला की त्याला नंबर नाही.

"अगं माझे बाई! आणि मी मेली काय समजत होते! तरीच तुझ्या सासूनं कांदा बंद केलाय, वास कसा तो येईना वरून. कितवा? दुसरा ना? काही बोलू नकोस, मला कळलं. मागच्या वेळी आम्हाला किती वाईट वाटलं म्हणून सांगू, आठ दिवस घास गेला नाही. पण आता बघ, सगळ्यांना कसा आनंद होईल! एवढ्यात सांगायचं नसतं खरं, पण जिन्यातल्याच तर सगळ्या, घरच्याच की. मी अशी जाते आणि..."

पिशवी त्यांच्या खांद्यावर चढलीसुद्धा होती. रंगवालीनं पांढऱ्याचा डबा पुढ्यात ओढला, झाकणाखाली स्क्रू-ड्रायव्हर घातला आणि मान वर न करता म्हणाली,

"काकू, मी कुणाला काहीही सांगितलेलं नाही. तुम्हाला आनंद झाला असेल तर तो महिनाभर तुमच्याकडेच ठेवा. मला लागला की मी मागून घेईन."